पोळ्याला जुंपलेली घोडी

दरेकसा, २८ ऑगस्ट १९४६

चि. सुशीला,
घरात सर्वांना आशीर्वाद. माझ्या गुडघ्याची काळजी करू नकोस, आपल्या मामेभावाच्या, केशोरावाच्या, अकलेची कर.

घोड्यांच्या पैदाशीचे इंग्रजी पुस्तक वाचून सांगायला केशोरावाने मला इथे बोलावले. त्याची सफोक घोडी महिन्याभरात विणार आहे. ओढकामाची ही जात विलायतेतही आता मोजकीच उरली आहे. इथला या जातीचा घोडा चैत्रात मेला, म्हणजे हे शिंगरू शेवटचेच.

आणि परवा पोळ्याला या शहाण्याने तिला सागाच्या ओंडक्याला जुंपले. कारण काय, तर बैलांना त्या दिवशी विसावा.

मी गाडीवान चैतरामला विचारले, तर म्हणतो, "बाई, पोळा बैलायचा रायते. घोडीले कोनता सन?"

मिशनच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, राग आला की दहापर्यंत मोजा. मी तीनवरच ओंडक्यावर जाऊन बसले.

केशोराव धावत आला. "ताई, उठा. लोक हसून राहिले."

"हसू देत. पुस्तक वाचायला मला बोलावलंस, ऐकायला कोणाला बोलावणार आहेस?"

घोडी सुटली, पण तेव्हापासून तिने चाऱ्याला तोंड लावले नव्हते.

काल तिच्या खांद्यांना तूपहळद चोळली आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना म्हणतात तसे म्हटले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मागे चैतराम पुरणपोळी घेऊन उभा होता. आज सकाळी तिने ती त्याच्या हातून खाल्ली.

शिंगरू पायावर उभे राहीपर्यंत मी येत नाही. तुझ्या बाळूचा खोकला कसा आहे?

अजून धुमसणारी,
तुझी ताई