खिडकीखालचा अनंत

१४ एप्रिल

पाने पुन्हा पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची कमतरता. अनंताला बोअरचे क्षारयुक्त पाणी घालू नये, हे शालूबाईंना कितीदा सांगितले! त्यांना आईच्या शुश्रूषेसाठी ठेवले आहे, बागेसाठी नव्हे.

डॉक्टर आज स्पष्टच बोलले – आईचे हृदय आता फार दिवस साथ देणार नाही. आईने मात्र एकच मागितले. "वैशाख पौर्णिमेच्या वंदनेले आपल्या अनंताचं फूल पाह्यजे वं बाई." आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले, एक फूल देता येऊ नये?

जयंतीच्या मिरवणुकीतून प्रसेनजित थेट इकडेच आला, निळा फेटा तसाच. धाकटा भाऊ, डोणगावला खताचे दुकान. "ताई, मेहकरात फुलं ढीगभर भेटतात. काऊन जिवाले त्रास करून घेतं?" विकतचे फूल म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर आपले नाव. त्याला ते कळणार नाही.

१७ एप्रिल

कुंडी आईच्या खिडकीखालून मागच्या अंगणात हलवली. खिडकीखालचे पश्चिमेचे ऊन अनंताला घातक. कळ्या धरल्यावर जागा बदलू नये हे मी जाणते. परंतु दोन अपायांतला कमी अपाय निवडावा लागतो. प्रसेनजितने धापा टाकत उचलली.

आई म्हणाली, "राहू दे न तिथंच. मले बरं वाटते."

कारणे सविस्तर समजावली. तिने भिंतीकडे तोंड फिरवले. वयाचा हट्ट.

२० एप्रिल

निम्म्या कळ्या गळल्या.

२६ एप्रिल

दुपारभर मी मागेच असते. फेरस सल्फेट, कुजलेला पाला, गाळलेले पाणी – सर्व प्रमाणात. उरलेल्यांपैकी एकच निर्दोष कळी ठेवली, बाकीच्या खुडल्या. फूल द्यायचे तर सदोष का द्यावे?

प्रसेनजित दाराशी उभा राहून हसला. "झाडाचीबी तोंडी परीक्षा घेऊन राह्यली का तू?"

मी झाडाशी बोलते, हे खरे. जुनीच सवय. विद्यार्थ्यांपेक्षा ते लक्षपूर्वक ऐकते.

३ मे

शालूबाई सांगत आल्या, "आजी इचारून राह्यल्या, ताई कुठं गेल्या म्हून." फवारणी अर्धवट सोडता येत नाही. हात धुऊन गेले तोवर आई झोपली होती. पायांवर सूज वाढली आहे.

८ मे

कळी शुभ्र झाली. आई आता दोन घासही घेत नाही.

१२ मे, वैशाख पौर्णिमा

उमलले! पाकळीवर एक डाग नाही. इतके निर्दोष फूल मी प्रयोगशाळेतही कधी दाखवले नव्हते.

वंदनेआधी आईच्या नाकाशी धरले. "छान हाय," म्हणाली. एवढेच. डोळे फुलाकडे नव्हतेच, खिडकीकडे होते. फूल बुद्धमूर्तीपुढे ठेवले, त्रिशरण म्हटले. आईचे ओठही हलले नाहीत. खरे सांगायचे तर मला राग आला.

१३ मे

सकाळी विचारलेच – फूल आवडले नाही का?

थांबत थांबत बोलली. "वास नाही येत मले. हिवाळ्यातल्या तापापासून नाही येत."

"मग फूल कशाला मागितलेस?"

"फूल पाह्यजे म्हटलं म्हणजे तू झाडापाशी बसशील. खिडकीखाली बसून बोलतं न तू त्याच्याशी. मले इथं आयकू येते. माह्यापाशी बसली का तू नुसती गोळ्या मोजतं."

हातातली गोळ्यांची डबी खाली ठेवली. ती पुन्हा बोलली नाही.

१४ मे

कुंडी खिडकीखाली परत आणली. पश्चिमेच्या उन्हात बसून दुपारभर मोठ्याने बोलत राहिले. मी वर पाहिले की शालूबाई खिडकीतून नकारार्थी मान हलवतात. आई कालपासून शुद्धीवर नाही.

पाने करपतील. करपोत.