पहिल्या बाकावरची जागा

तुझ्या लग्नात पहिल्या बाकावर आईच्या जागी मी बसणार नाही, आणि असलं काही मला विचारायची तुझी हिंमत कशी झाली ते आधी सांग. वर लिहितेस की जिने माझा हात भाजला आणि मला टाकून गेली, तिला मंडळीसमोर आई म्हणून का मिरवू. चार बुकं जास्त शिकलीस म्हणून एवढी जीभ चालवायची नाही. या घरात जिभेचा मक्ता माझा आहे. ते वाक्य वाचून मी तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली सारलं आणि तीन दिवस त्या डब्याला हात लावला नाही.

प्रिय भिंगरी,

आता रीतीने लिहिते. मी बरी आहे. गुडघे माझ्यासारखेच, काम करतात आणि कुरकुरतात. शेजारच्या पोस्टमनच्या बायकोने कवळी बसवली, तेव्हापासून कारण नसताना हसते. तुझा होणारा नवरा सुतार आहे हे ऐकून बरं वाटलं. घरात एकाने तरी मापून बोलावं. तुझ्या बापाला तो आवडला असता. त्याला जाऊन वर्ष होईल, त्याचा कामावरचा कोट अजून खुंटीवरच आहे. काढायचा आळस, दुसरं काय.

चर्चचं काम अजून माझ्याकडेच आहे. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड धुवायचं, खळ घालून इस्त्री करायची, आणि उपासना झाली की छोटे पेले विसळायचे. तुला लहानपणी वाटायचं, आजी फार देवाची. तर ऐक. प्रभूच्या आठवणीत प्यायच्या द्राक्षारसाच्या पेल्यांचं तबक मंडळीत फिरतं तेव्हा मी मागच्या खोलीत पाणी तापवत असते, मुद्दाम. आमच्यात ज्याचं वाईट केलं त्याच्याशी आधी मिटवायचं आणि मग प्रभूच्या मेजाशी यायचं, अशी रीत. एकोणीस वर्षं मी त्या द्राक्षारसाला ओठ लावलेला नाही. माझ्या वाटणीचा पेला भरलेला परत येतो, तो मी खिडकीतल्या कुंडीत ओतते. ते झाड मात्र मंडळीत सगळ्यात भाविक झालंय.

जुन्या पाळकांचं पेल्यांकडे लक्ष नसायचं. नवीन आलेत त्यांचं आहे. तुझ्याहून थोडेसेच मोठे, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. मागच्या महिन्यात आत आले, फडकं मागितलं, आणि पुसता पुसता म्हणाले की आजी, दर वेळी एक पेला भरलेला येतो. मी म्हटलं, लायक नसलेल्या माणसाचा आहे तो. त्यांनी चष्मा वर सारला. "आजी, लायक माणसांसाठीच असता तर मला एकही पेला भरावा लागला नसता, माझा धरून." मी म्हटलं, नीट पुसा, डाग राहिलाय. पण ते गेल्यावर स्टुलावर बसले ती पाणी आटून भांडं करपायला लागेपर्यंत उठले नाही.

तो दिवस तुला आठवत नसेल, चार वर्षांची होतीस. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. मेजाच्या कापडाची खळ शिजवली ती मी. उकळतं पातेलं बुटक्या स्टुलावर ठेवलं तेही मीच, वर उचलायचा कंटाळा म्हणून. तुझी आई धुणं वाळत घालायला निघाली होती. दारातून म्हणाली, आई, ते वर ठेवा, पोर फिरतंय. मला सून शिकवणार? मी म्हटलं, चार लेकरं वाढवलीत मी, तू तुझे चिमटे मोज. आणि तिची पाठ वळताच कुंपणापाशी गेले, पोस्टमनच्या बायकोशी बोलायला. कशाबद्दल, तर कोणाची तरी सून किती निष्काळजी आहे याबद्दल.

तुझा बाप कामावरून धावत आला. दवाखान्याच्या दारात त्याने विचारलं, ते पातेलं तिथे कोणी ठेवलं. तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ पाहिलं. मी हातातल्या रुमालाची घडी घालत राहिले. मग ती म्हणाली, "मी ठेवलं."

तुझे आजोबा जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. तुझा बाप रागात काय करेल याचा नेम नसायचा. त्याने मला घराबाहेर काढलं असतं, हे तिला ठाऊक होतं. मी तिला कधी एक गोड शब्द बोलले नव्हते, तरीही. मग बाहेर गेली ती तीच, तीन वर्षं रोज तेच ऐकून, तुला पोर सांभाळता येत नाही. भिंगरी, तिने तुला टाकलं नाही. तुझ्या बापाने तुला नेऊ दिलं नाही तिला. दर वाढदिवसाला यायचे ते पूर्ण बाह्यांचे झगे मी दुकानातून आणलेले नव्हते. ती शिवायची, तुझा हात झाकावा म्हणून. मी पोस्टकार्डावर मापं कळवायचे, बाकी एक अक्षर नाही.

निर्दोषाने दोषीची शिक्षा अंगावर घेतली, असं पाळक वधस्तंभाबद्दल सांगतात तेव्हा लोक वर बघतात. मला दवाखान्याच्या दारातली तुझी आई दिसते. देव माणसावर कसं प्रेम करतो ते त्याने मला माझ्याच घरात दाखवलं, आणि मी कापडं पांढरी करत बसले. तुझ्या बापाच्या खाटेशी दोनदा सांगायला बसले, दोन्ही वेळा उशी सारखी करून उठले. तो तिला दोष देतच गेला. ते माझ्या साबणाने निघणारं नाही, देवानेच धुवावं.

म्हणून हे पत्र. पाळक लिहून देतो म्हणाले. मी म्हटलं, पाप माझं, तर अक्षरंही माझीच जाऊ द्या वेडीवाकडी. तुझ्या आईलाही असंच लिहून काल टाकलंय. या रविवारी मी तबकासमोर बसणार आहे, लायक होऊन नाही, होते तशीच. झाड राहील तहानलेलं. पहिल्या बाकावर तिला बसव आणि त्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा झगा घाल, तिला तुझा हात दिसू दे. मी लग्नाला यायचं की नाही हे तू ठरवायचं नाहीस. तू मला उत्तरही लिहू नकोस, आलं तरी फोडणार नाही. उत्तर तुझ्या आईने द्यायचं, एका शब्दाचं असलं तरी तिच्याच हाताचं.

तुझीच, तुझ्या मायेला न जागलेली,
आजी