मत आणि दोन कारणं

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी चष्मा पुसला असशील. फोन सोडून या बयेला पत्र कुठून सुचलं, असंच ना? आधी बातमी ऐक. मी पास झाले! इंग्रजीच्या परीक्षेतला तो लेखनाचा भाग, ज्यात मी दोनदा अर्ध्या गुणाने आपटले, तो तिसऱ्या खेपेला जमला. निकाल आला तेव्हा वॉर्डात एका आजोबांचं ब्लडप्रेशर बघत होते. त्यांचं ठीक होतं, माझंच वाढलं असणार. परदेशातल्या हॉस्पिटलची नोकरी आता पक्की, दोन महिन्यांनी निघायचं. इतकं हायसं वाटतंय म्हणून सांगू! पण तीन वर्षं आपण दोघी फोनवर कामापुरतंच बोलतोय, ते तसंच ठेवून मला विमानात बसायचं नाहीये.

बोलणं, ऐकणं, वाचणं यात मी कधी अडले नाही. गाडी अडायची ती निबंधाशी. चाळीस मिनिटांत अडीचशे शब्द, आणि त्यात आपलं मत हवं. शेवटी शिकवणी लावली. बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. जेवणाच्या टेबलावर शिकवायच्या, हातात लाल पेन्सिल आणि मांडीवर मांजर. पहिला विषय दिला, प्राणिसंग्रहालयं बंद करावीत का. मी घड्याळ लावून लिहून काढलं. बाई वाचता वाचता अशा हसल्या की चष्मा मांजरावर पडला. मी लिहिलं होतं, वाघ पिंजऱ्यात आहे. शांत आहे. सकाळी खाणं घेतलं. तक्रार नाही. देखरेख चालू.

हसू नकोस. बावीस वर्षं ड्यूटी बदलताना वहीत दुसरं काय लिहिलंय मी? दिसलं ते लिहायचं, केलं ते लिहायचं, वेळ टाकून सही करायची. ‘मला वाटतं’ असं चुकून लिहिलं तर आमची जुनी मेट्रन चारचौघींत कान उपटायची. हे बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की वहीचं ठीक आहे, पण तुम्हाला मत असतं आणि तुम्ही ते लपवता, उद्या अंगाशी येऊ नये म्हणून. मला असा राग आला! कागद पिशवीत कोंबले आणि तरातरा निघाले. जिना उतरताना मात्र हॉस्पिटलमधली ती लिफ्टसमोरची जागा आठवली आणि मी तिथेच पायरीवर बसले.

बाबांचं दुसरं ऑपरेशन करायचं की त्यांना घरी न्यायचं, याचं उत्तर डॉक्टरांना दुपारपर्यंत हवं होतं. तू माझा हात धरून विचारलंस, तू नर्स आहेस, तूच सांग काय करू. आणि मी तुला नाडीचे ठोके सांगितले. ताप नाही म्हणाले. ऑक्सिजन किती ते सांगितलं. मग तू एकटीच आत गेलीस आणि घरी नेतो म्हणून सही करून आलीस. अकरा दिवसांनी बाबा गेले. भरल्या घरात काका म्हणाले, पोरीने घाई केली, नाहीतर माणूस वाचला असता. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली मान घालून कपबश्या गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने शिकवणीला गेले. बाईंनी घोकून घेतलं, पहिल्या ओळीत मत, मग दोन कारणं, शेवटी पुन्हा मत. शाळेच्या गणवेशाविरुद्ध मी इतकं तावातावाने लिहिलं की बाई म्हणाल्या, अहो, जरा दमानं. परीक्षेत विषय आला, मोठं शहर बरं की लहान गाव. मी बेधडक लहान गाव लिहून मोकळी झाले. बाहेर आले तेव्हा मन शांत होतं.

आता तुझा निबंध, ताई. फोनवर मी पुन्हा नाडीचे ठोकेच सांगत बसले असते, म्हणून लिहून देतेय. माझं मत असं, की बाबांना घरी आणलंस ते तू बरोबर केलंस. पहिलं कारण, त्यांचे सगळे रिपोर्ट मी वाचले होते. दुसऱ्या ऑपरेशनमधून ते उठले नसते, आणि हे मला लिफ्टसमोर उभी असतानाही माहीत होतं. दुसरं कारण, ते अकरा दिवस बाबा खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसले, तुझ्या हातचं जेवले आणि शब्दकोडं चुकवलंस म्हणून तुझ्यावर ओरडले. शेवटी पुन्हा तेच, तू बरोबर होतीस. तीन वर्षं हे पोटात ठेवलं, मला माफ कर. पत्र काकांना वाचून दाखव, तेही सगळे जमलेले असताना. हॉस्पिटलच्या त्या कागदावर तुझी एकटीची सही आहे. तिच्या शेजारी आता ही माझी धर.

तुझीच,
शेंडेफळ
(वेळ : सकाळी दहा वाजून वीस मिनिटं)