दोह्यात काय झालं

दोहा, १८ नोव्हेंबर १९८५

प्रिय तय्यबा,

सिडनीहून आलेलं तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं. शफीकच्या अर्जाला दिलेला नकार कोर्टाने रद्द केला, इथवर वाचून हात जोडले आणि पुढची ओळ वाचून खुर्चीत बसले. म्हणजे आश्रय मिळालेला नाही, अर्ज फक्त पुन्हा तपासायचा. जज म्हणाले ते खरंच आहे. दोह्यात शफीकला धोका नव्हता असं अर्ज फेटाळणाऱ्या अधिकाऱ्याने ठोकून दिलं, पण इथे काय झालं हे तुम्हाला एकदाही विचारलं नाही. आता विचारतील. आणि ते पाहिलेली मी एकटीच, असं मला वाटत होतं.

तुमच्या फ्लॅटमध्ये केरळचं जोडपं आलंय. तुझा कढीपत्ता त्यांनी जगवलाय. फरीज बिन ओमरान वस्तीतल्या या जिन्यावर मात्र मला अजून ती माणसं आली ती दुपार आठवते. त्या दुपारी तू हॉस्पिटलात ड्यूटीवर होतीस, आणि मी तुला सगळं कधी सांगितलंच नाही. काबूलमध्ये सरकारविरुद्ध पत्रकं छापताना न डगमगलेला तुझा नवरा आमच्या न्हाणीघरात कडी लावून बसला होता. दारात काबूल सरकारची दोन माणसं. एकाच्या हातात शफीकचा फोटो. तो हिंदीत म्हणाला, "इसका भाई हमारे पास है. बोलो, घर आ जाए." मी म्हटलं, ते बहरीनला गेले. त्याची नजर उंबऱ्याशी गेली. शफीकच्या चपला तिथेच होत्या. मी त्या पायात सरकवल्या आणि कचऱ्याची पिशवी घेऊन त्यांच्यासमोरून खाली उतरले. पायातून निसटत होत्या गं.

तुमच्या वकिलांना माझा जबाब हवाय हे सांगितल्यावर मधूने ताट बाजूला सारलं. "आपण इथे कंपनीच्या व्हिसावर आहोत, नयना. शपथेवर काही लिहायचं नाही."

"आणि शफीकला परत पाठवलं तर?"

तो उठून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही नीताच्या शाळेपलीकडे बोललो नाही. मला तो भित्रा वाटला, तुझ्यापासून काय लपवू.

काल मी एकटीच जबाब द्यायला भारतीय वकिलातीत निघाले, तर हा गाडीची किल्ली घेऊन पाठोपाठ आला. माझा जबाब झाला, सही झाली. मी उठणार तोच मधू म्हणाला, "माझंही लिहून घ्या."

तुम्ही गेल्यावर ती माणसं पुन्हा आली होती, तय्यबा. मधूला गाडीत घालून शहराबाहेर नेलं होतं. नीताची शाळा, तिच्या बसचा नंबर, सगळं त्यांनी त्याला ऐकवलं. तरी तुम्ही कुठे आहात ते त्याने सांगितलं नाही. तेव्हापासून तो नीताला स्वतः शाळेत सोडतो, आणि तिला लाडावून ठेवतोस म्हणून मी त्याला बोलत आले.

दोन्ही जबाब आज रवाना झाले. साक्षीदारांची नावं झाकता येतील असं वकिलांनी कळवलंय, तूही तेच सुचवलंस. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र लिहितेय. मधूने राजीनामा दिलाय, डिसेंबरात आम्ही नाशिकला परततोय. आमची नावं उघडी राहू देत, पत्त्यासकट. निनावी माणसांच्या शब्दावर ते शफीकला ठेवून घेतील, असं आम्हा दोघांनाही वाटत नाही.

तुझीच,
नयना