चाळिसाव्यापर्यंत

९ ऑक्टोबर
आज दादा गेले. फुप्फुसं संपली होती. गेल्या आठवड्यात नारिन शहरातल्या हॉस्पिटलात मला जवळ बोलावून म्हणाले, "मी गेल्यावर माझ्या चाळिसाव्या दिवसाला तुझ्या कोटाला धुराचा वास नको." म्हणजे त्यांना माहीत होतं. अडतीस वर्षं मी गोठ्यामागे जाऊन सिगारेट ओढली. मोठ्या भावासमोर कधी काडी पेटवली नाही.
सोडली. आजपासून.

१० ऑक्टोबर
दादांना ठेवायला अंगणात युर्ता, लोकरी गोल तंबू, उभारला. आम्ही भावांनी बाहेर काठीवर ओणवं उभं राहायचं, माणसं आली की मोठ्याने रडायचं. दोन्ही हात काठीवर. एकही ओढली नाही. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं आहे.

११ ऑक्टोबर
दफन झालं. काठी गेली, हात मोकळे. चार. हा दिवस धरायचा नाही.

१९ ऑक्टोबर
सिगारेटऐवजी कुरुत चघळतो. वाळवलेल्या दह्याचे खारट खडे. आज अकरा. दाढ ठणकली, म्हणून एक ओढली. चूक कुरुतची.

२७ ऑक्टोबर
घरात रोज अर्चाच्या, डोंगरातल्या त्या वासाच्या झाडाच्या, फांद्यांचा धूर फिरवायचं काम मागून घेतलं. त्या धुरात दुसरा धूर कळत नाही. वहिनींचे डोळे भरून आले. म्हणाल्या, भाऊ असावा तर असा.

५ नोव्हेंबर
धाकटा मिर्लानही ओढतो. आता घरात मीच मोठा, म्हणून तासभर समजावलं. पहिले तीन दिवस जड जातात, मग जेवणाला चव येते, जिना चढताना दम लागत नाही. मान खाली घालून ऐकत होता. बोलून घसा कोरडा पडला. गोठ्यामागे जाऊन आलो.

१६ नोव्हेंबर
अजून एक दिवस आहे. बायकोने, सैराने, माझा कोट धुतला. बाहेर दोरीवर गोठून फळीसारखा झालाय.

१७ नोव्हेंबर
चाळिसावा. घोडा कापला, दोनशे माणसं जेवली. दुपारी दोनच मिनिटं गोठ्यामागे गेलो. तिथे मिर्लान. मला बघताच त्याने जळती सिगारेट बाहीत लपवली. मी दादांना बघून लपवायचो, तशीच.
"भाऊ, तुम्ही सोडलीत ना?" म्हणाला. "मग मीही सोडतो. ही शेवटची."
पाकीट माझ्या हातात दिलं आणि पाहुण्यांत गेला. सात होत्या.

२४ नोव्हेंबर
मिर्लानने खरंच सोडली. भावामुळे सुटली, असं गावभर सांगतो. गोठ्यात तो असतो, म्हणून मी कबरस्तानात जातो. तिथे कोणी येत नाही. दादांकडे पाठ करून उभा राहतो.
उणे अठरा आहे. कोट घरीच ठेवून जातो. त्याला अजून वास नाही.