धरलेली जागा

१९ नोव्हेंबर १९९४, शनिवार. मंठा

पोहोचले. पेटी शाबूत, वळकटी शाबूत, मीही शाबूत. हे तिन्ही एकाच वेळी खरं असेल असं वाटेत एकदाही वाटलं नव्हतं.

बडोद्याहून निघताना बाबांनी पेटी साखळीने बाकाला बांधून किल्ली माझ्या गळ्यात घातली होती. मनमाडला गाडी बदलायची वेळ आली आणि दोरा तुटून किल्ली ब्लाउजमध्ये कुठे गेली ते कळेना. शेवटी डब्यातल्या बायकांनी पदरांचा आडोसा केला, तेव्हा ती निघाली. बायका हसून बेजार. मीही हसले, पण उतरल्यावर.

जालन्याच्या स्टँडवर आणखी गंमत. एस.टी. आली, पण लोक दाराकडे जाईनात, खिडक्यांकडे धावले. खिडकीतून आत काहीही टाकत होते. टॉवेल, पिशवी, टोपी, एकाने चप्पल. एका बाईने तर तान्हं मूलच आत दिलं आणि आतल्या अनोळखी माणसाने ते नीट सीटवर ठेवलं. मी घाबरून पेटी धरून उभी. असं करून जागा धरायची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाचवीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. जग पाहिलं ते त्यांच्या सायकलच्या मागे बसून.

आत शिरले तेव्हा मधल्या वाटेत पाय ठेवायला जागा नव्हती, पण ड्रायव्हरच्या मागची खिडकीची सीट चक्क रिकामी! तिच्यावर विटकरी रंगाचा एक रुमाल. कोणीतरी विसरलं असेल म्हणून मी तो उचलून घडी घातली आणि बसले. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. टोपलं घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली, "ओ बाई, जागा धरलेली हाय ती." मी ओशाळून उठले, कोणाची ते विचारलं. कोणी सांगेना. ती बाई म्हणाली, यील ती, कधी यील काय सांगावं. मग पुन्हा टेकत मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की ज्यांची असेल त्या आल्या की मी लगेच उठेन. माझ्या मते हा न्याय होता. वाटूर फाट्यापर्यंत मी सीटच्या कडेवर बसून होते. शेजारची जागा रिकामी झाली तरी ती बाई टोपलं घेऊन उभीच राहिली.

मंठ्याला उतरताना रुमाल कंडक्टरना देऊ लागले. त्यांना तातेराव म्हणतात. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "तुमी उचलली ना दस्ती? मंग तुमीच ठिवा." इथे रुमालाला दस्ती म्हणतात, हा नवा शब्द.

शेवटचा घोटाळा घराचा. एका निळ्या दाराच्या घरात मी सामानासकट शिरले, खाटेवर टेकले, पाणी प्याले, चहाही प्याले. मग त्या घरच्या म्हाताऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "किस के घर कू आई बेटी?" त्या रहिमाबी. माझं घर पलीकडचं, तेही निळ्याच दाराचं. चहा पूर्ण होईपर्यंत त्यांनी विचारलं नव्हतं.

२० नोव्हेंबर, रविवार

घरमालकीण द्वारकाबाई प्रेमळ आहेत. दुपारी झणझणीत येसराची आमटी वाढली आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. घरची आठवण आली असं समजून त्यांनी मला जवळ घेतलं आणि आणखी एक पळी वाढली. नाही म्हणता आलं नाही. खोली छान आहे. खाट, कोनाडा, खिडकीतून लिंबाचं झाड. आयुष्यात पहिल्यांदा एक खाट पूर्ण माझी आहे. घरी आम्ही तिघी बहिणी एका ओळीत झोपायचो.

दस्ती धुवून वाळत घातली. कोपऱ्यात नाव नाही, अक्षर नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवायची नाही, हा बाबांचा पहिला धडा. रविवारच्या गाडीवर तातेरावांना पुन्हा विचारून आले. त्यांनी तोंड फिरवलं. घडी घालून पेटीत ठेवली, कुलूप लावलं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. मुलींची शाळा आहे. हिंदीच्या बाई बाळंतपणाला गेल्यात, त्यांच्या जागी मी. मुख्याध्यापिका उषाबाई कडक, पण मला शिक्षकखोलीत खिडकीजवळची खुर्ची दिली. मुली माझ्या गुजराती हेलाला हसल्या. हसू देत. बाबांना पत्र टाकलं, की इथे माझी जागा झाली.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

आज माझ्या खुर्चीवर ती दस्ती होती. मीच चुकून पिशवीतून नेली असेन. पण पेटीचं कुलूप लावलेलं, किल्ली गळ्यात. उचलायला हात पुढे केला, तर उषाबाई म्हणाल्या की राहू द्या, जागा धरलेली दिसते, तुम्ही स्टूल घ्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत. बाकीच्या बायकांनीही वर पाहिलं नाही. दिवसभर स्टुलावर बसले. खुर्ची रिकामीच राहिली.

घरी आल्यावर पेटी उघडून पाहिली. दस्ती घडी घातली होती तशीच आत. थोडी कोमट.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून आले तेव्हा ती माझ्या उशीवर होती. द्वारकाबाईंना बोलावून दाखवलं. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मी म्हटलं, उचला ना, मला भीती वाटते. त्यांनी मान हलवली. त्यांचं म्हणणं असं, की ती सीट किती वर्षांची धरलेली आहे कोणास ठाऊक. गर्दीत माणसं उभी राहतात, पण तिथे कोणी टेकत नाही, कंडक्टरही कोणाला बसवत नाही. एवढं पाळलं की बाकी काही होत नाही. "नुसतं बसल्या असत्या तर मी शेण-मीठ उतरून टाकलं असतं. पन तुमी चारचौघात शब्द दिला. उठते म्हनलं की उठावंच लागतं बाई. तिला जागाच लागती, दुसरं कायबी न्हाई."

कोणत्या जागेवरून, असं मी विचारलं. त्यांनी खाटेकडे पाहिलं आणि मला सतरंजी आणून दिली.

खाली झोपले. दस्ती उचलून खाटेवर पडण्याइतका निर्लज्जपणा होईना. शब्द मीच दिला होता.

२ डिसेंबर, शुक्रवार

रहिमाबी म्हणाल्या, जिथून घेतली तिथेच ठेवून ये, बिलकुल मागे बघू नको. स्टँडवर गेले. गाडी उभी होती. त्याच सीटवर दस्ती ठेवली, हात जोडले, उतरले. गाडी जालन्याकडे निघाली. खिडकीत कोणी नव्हतं.

घरी येऊन खाटेवर आडवी झाले आणि खूप रडले. द्वारकाबाईंनी चहा आणून दिला. सगळं संपलं. उद्या खुर्चीवर बसायचं. बाबांना लिहिते, की इथली माणसं थोडी भोळी आहेत.

५ डिसेंबर, सोमवार

पेटीत दस्ती नाही. खुर्चीवर नाही. उशीवर नाही. किती हलकं वाटलं.

सातवीच्या वर्गात धडा उघडला, तर मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. पुष्पा नावाची मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, ह्यो तं तुमी शनवारी शिकवला." शनिवारी माझं डोकं दुखत होतं. मी शाळेत गेले नव्हते. उषाबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, असं काय करता, शनिवारी खिडकीत बसून डबा खाल्लात की, किती दिवसांनी खुर्चीवर बसलात.

धरायची गरज उरली नसेल. दस्ती कशाला लागते? माणूस येईपर्यंत. माणूस आल्यावर—

६ डिसेंबर, मंगळवार

उशीर झाला होता. वर्गाच्या दाराशी आले तेव्हा आतून शिकवण्याचा आवाज. माझा हेल. मुली हसल्या, आवाजही हसला. टेबलाशी पाठमोरी बाई. माझी आकाशी साडी, मी कालच धुवून दोरीवर घातलेली. वेणीला माझीच रिबन. वळेल म्हणून मी दाराशी थांबले. वळली नाही. फळ्यावर लिहीत राहिली. अक्षर बाबांनी गिरवून घेतलेलं. पोटफोड्या ष तसाच—

मी आत गेले नाही. वर्ग चालू असताना मध्येच शिरणं बरं नव्हे. हे मी काय लिहितेय? पण खरंच हेच मनात आलं.

७ डिसेंबर, बुधवार

घरी जायचं. नोकरी राहू दे. स्टँडजवळच्या एसटीडीवरून बडोद्याला आमच्या शेजारच्या दुकानात फोन केला, बाबांना बोलावून घेतलं. म्हटलं, बाबा, मी बोलतेय, मी परत येतेय.

त्यांनी कोण बोलतंय असं विचारलं. मी सांगितलं. अगदी हळू म्हणाले, की बाळ, आमची मुलगी तर काल रात्रीच आली. आता पानावर बसलीय. दुसऱ्याच्या नावाने असा फोन करू नये. रागावले नाहीत. लहानपणी गणित चुकलं की ज्या आवाजात सांगायचे, त्या आवाजात.

मी वाद घातला नाही. काय घालणार? मागे दुकानात आमच्याकडच्या पाटावर पान मांडल्याचा आवाज येणं शक्य नाही, पण मला आला. मधली बहीण कोणाला तरी सरक म्हणत होती.

फोन ठेवण्याआधी बाबांनी विचारलं, की तिकडे राहायची सोय आहे ना तुझी?

गुरुवार

द्वारकाबाईंनी दारात पाणी दिलं. कोणाकडे आलात विचारलं. मी खोलीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "हिंदीच्या बाई व्हय? झोपल्यात त्या. उठवू का?"

नको म्हटलं.

पेटी आत. चपला आत. सतरंजीही आत गेलीय.

रहिमाबींनी चहा दिला. त्याच घोटभर प्रेमाने. मी टेकले तर म्हणाल्या, इथे नको बेटी, जरा तिकडे, कोई आनेवाला है।

शुक्रवार, दुपार

शाळेच्या मागच्या भिंतीची पायरी. ऊन. कोणाचीच नाही ही जागा. इथे कोणी बसत नाही. वही तेवढी पदरात होती—

ती आलीय.

समोर उभी आहे. गाडीत उभे राहतात तशी, एका हाताने वर काहीतरी धरल्यासारखी. वर काही नाही. बोलत नाही. घाई करत नाही. वाट बघतेय. चेहरा बघायचा नाही. पाय माझेच. डाव्या अंगठ्याला लागलेलं—

मी म्हटलं, एवढं लिहून होऊ दे, मग उठते. तिने मान डोलावली.

म्हणून लिहितेय. थांबले की उठावं लागेल. उठून कुठे

लिहायचं. काहीही. बडोद्याला आमच्या दाराला हिरवा रंग. आईचं नाव कौसल्या. ती गेली तेव्हा मी तिसरीचं पुस्तक घरीच वाचत होते. बाबा खडूने फरशीवर अक्षरं काढून देत, मी त्यांवर चिंचोके मांडायची. मधलीला पोहे आवडत नाहीत. धाकटी झोपेत बोलते. मी भिंतीकडे झोपायची, कारण मी मोठी

पेन्सिल झिजलीय

अजून आहे. अजून लिहायचं आहे. एक राहिलंय, ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ते लिहिलं की ते तरी इथे राहील. माझं नाव

माझं नाव—