मनस्वीच्या अर्धवट कामाची व्यवस्था

मी, जगदीश सुदाम निमसे, वय चौसष्ट, राहणार शहापूर, जिल्हा ठाणे, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते येथे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, कोणाचे दडपण नाही. मन शाबूत नाही, पण कायदा त्याबद्दल विचारत नाही.

१. राहते घर, बँकेतील ठेवी व आसनगावजवळील भातशेती पत्नी प्रेमा हिला मिळावी. तिने ठेवावी वा विकावी. माझा चुलतभाऊ वाल्मिक आमच्या मुलीच्या तेराव्याला "आता या घराला वारस कोण?" असे म्हणाला होता. त्याला यातले काहीही मिळू नये. चहासुद्धा प्रेमाच्या मर्जीवर.

२. मी आयुष्यभर मुंबईत सॉफ्टवेअरचे काम केले. आमची पद्धत जुनी. गिऱ्हाइकाला काय हवे ते आधी सगळे लिहून घ्यायचे, त्यावर सही, मग आराखडा, बांधणी, तपासणी, आणि शेवटी एकदाच पूर्ण वस्तू हाती द्यायची. एकुलती मुलगी मनस्वी याच धंद्यात आली, पण अजाइल पद्धतीची. थोडे करायचे, वापरायला द्यायचे, काय चुकले ते विचारून पुढचे करायचे. यावरून जेवताना आमचे वाजायचे.

मुरबाडकडच्या एका वाडीतल्या बायका भाताची जुनी वाणे जपतात. कोणाच्या घरी कोणते बियाणे आहे ते मोबाइलवर कळावे, म्हणून ती त्यांच्यासाठी प्रोग्राम करत होती.

मी म्हणालो, "आधी सगळं लिहून घे. नाहीतर दर खेपेला मोडत बसशील."

"बाबा, हातात पडल्याशिवाय त्यांनाही कळत नाही काय हवंय ते. मोडू दे की."

पहिल्या खेपेला तिने फोटो आणि नावे दिली. बऱ्याच जणींना वाचता येईना, म्हणून दुसऱ्या खेपेला बोलणारा प्रोग्राम दिला. आवाज तात्पुरता, तिचाच. तिसऱ्या खेपेआधी तिला ताप आला. डेंग्यू. आठवड्याच्या आत ती गेली.

तिने कामाचे काहीच लिहून ठेवले नव्हते, याचा मला अजून राग आहे. पण माझ्या पद्धतीने केले असते, तर वाडीच्या हाती नुसता आराखडा राहिला असता. तिचे अपुरे काम वाडीत वापरात होते.

वाडीच्या लहानीबाई मेंगाळ मला म्हणाल्या, "दादा, पोरीचं बोलनं गोड, पन म्हाताऱ्यांना समजत नाय. पुढल्या टायमाला आमचाच आवाज घेते, बोलली व्हती."

दोन पेरण्या मी टाळाटाळ केली. शेवटी प्रेमा म्हणाली, "अहो, तिनंच ठरवलेलं काम आहे. करा." यंदा लहानीबाईंचा आवाज घातला. मुलीचा काढायचे बटण प्रेमाने दाबले. माझा हात उठला नाही.

३. हा प्रोग्राम लहानीबाईंच्या गटाचा. मनस्वीसोबत काम करणारा आदेश भोईर तो पुढे सांभाळेल. माझा कॉम्प्युटर त्याला द्यावा. वाडीत जाऊन विचारल्याशिवाय त्याने काहीही बदलू नये. मनस्वीचा आवाज वेगळा जपून ठेवला आहे, तो प्रेमाचा.

४. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते नोकरीत असताना, पुष्कळ विचार करून, माझ्या पद्धतीने केले होते. घर जळाले तर काय, शेत रस्त्यात गेले तर काय, प्रेमा आधी गेली तर काय, सगळ्याची तरतूद होती. सर्व काही मनस्वीच्या नावे होते. ती माझ्याआधी गेली तर काय, एवढेच लिहिले नव्हते.

ठिकाण: शहापूर
दिनांक: २ डिसेंबर २०२५

(सही) जगदीश सुदाम निमसे

वरील मजकूर जगदीशभाऊंनी आम्हाला स्वतः वाचून दाखवला. मग आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार:
(सही) नथू भिमा फर्डे, शहापूर
(सही) हर्षाली रितेश घरत, आसनगाव